तोटा विकणे आहे!

"काका, मला तोटा विकायचाय."

माझी पुतणी हे इतक्या सहजपणे म्हणाली की माझ्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला गेला. गोष्ट २०२४ च्या मे महिन्यातली. मी आणि आमची सौ. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन या गावी, पुतणीच्या घरी दोनच दिवसांपूर्वी उतरलो होतो. प्रवासाचा शीण अजून अंगात होता. मला वाटले, झोप पुरी झाली नाही म्हणून कान दगा देत असावेत.

वाचकहो, मी छत्तीस वर्षे पुण्यातील एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. या काळात मी भंगार विकले, रिकामी पिंपे विकली, फाटक्या गोण्यांचा सुतळीसकट लिलाव केला. पण तोटा विकलेला मी कधी पाहिला नव्हता. तोटा ही आमच्या घरात तर दारे लावून बोलण्याची गोष्ट!

त्याला कारणही तसेच होते. माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे या पुतणीच्या वडिलांचा, नारायण पेठेत लहानसा छापखाना होता. दोन ट्रेडल, चार कंपोझिटर आणि लग्नसराईत रात्रभर चालणारे काम. १९८६ साली तो बंद पडला. एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल थकवले हे एक कारण, आणि ऑफसेट छपाईपुढे खिळे जुळवण्याचा जमाना संपत आला होता हे दुसरे. शेवटचा ताळेबंद मीच केला. तोटा ४१,३०० रुपये. यंत्रे विकली गेली, शिशाचे खिळे किलोच्या भावाने गेले. तोट्याला मात्र गिऱ्हाईक नव्हते. तो वहिनींच्या पाटल्यांनी भरून निघाला. पुतणी तेव्हा आठ वर्षांची होती. पाटल्या गेल्याचे तिला कोणी सांगितले नाही, पण मुलांना सारे कळते.

ती शिकली, अमेरिकेत गेली, रसायनशास्त्रात मोठी पदवी मिळवली आणि २०२१ साली तिने स्वतःची कंपनी काढली. नळाच्या पाण्यातले शिसे जागच्या जागी मोजणारे एक उपकरण ती बनवते. न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात जुन्या शिशाच्या नळांमुळे पाणी दूषित होत असल्याचे प्रकरण काही वर्षांपूर्वी खूप गाजले होते, तेव्हापासून हा विषय तिच्या डोक्यात होता. "बाबांच्या खिळ्यांनी माझी पाठ सोडली नाही," असे ती हसत म्हणते. कंपनीत ती धरून सहा माणसे. तीन वर्षांत उपकरण तयार झाले, पेटंट मिळाले, दोन शाळांनी चाचणीसाठी ते घेतलेही. आणि तोटा झाला सोळा लाख डॉलर!

आता हा सोळा लाखांचा तोटा विकून ती पैसा उभा करणार होती, आणि तोही राजरोस, सरकारच्या परवानगीने. मी पेन्शनर माणूस. अमेरिकेत जाऊन नायगारा पाहायचा, एवढाच माझा बेत होता. पण पुढले सहा महिने मी नायगाऱ्यापेक्षा या प्रकरणातच अधिक रमलो.

राज्याचा आयकर

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न सोडले तर आयकर हा केंद्र सरकारचा मामला. राज्य सरकारने पगारातून थेट कापलेला कर म्हणजे माझ्यासारख्यांच्या ओळखीचा तो व्यवसायकर. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००. अमेरिकेत तसे नाही. तिथे वॉशिंग्टनचे केंद्र सरकार आयकर घेते आणि शिवाय बहुतेक राज्ये आपापला वेगळा आयकर घेतात. विस्कॉन्सिन राज्याने तर १९११ सालीच तो बसवला, केंद्राचा आजचा आयकर सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी. न्यू जर्सीने मात्र व्यक्तींच्या उत्पन्नावर कर बसवला तो फार उशिरा, १९७६ मध्ये. घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच ही रक्कम वापरायची, असे त्या राज्याच्या घटनेतच लिहून ठेवले आहे. टेक्सास आणि फ्लोरिडा यांसारख्या काही राज्यांत माणसाच्या पगारावर राज्याचा आयकर नाहीच.

कर ज्याच्या हाती, सूट देणेही त्याच्याच हाती. एखादा धंदा शेजारच्या राज्यात न जाता आपल्याकडे राहावा म्हणून ही राज्ये आपल्या करातून त्याला सूट देतात. या सुटीला ते 'टॅक्स क्रेडिट' म्हणतात. वजावट आणि क्रेडिट यांतला भेद घरगुती उदाहरणाने सांगतो.

विम्याचा हप्ता किंवा भविष्यनिर्वाह निधी यांची जुन्या कररचनेत आपल्याला वजावट मिळते. ती मिळते उत्पन्नातून. हजार रुपयांची वजावट मिळाली आणि कर शेकडा २० असला, तर खिशात राहतात २०० रुपये. क्रेडिट मात्र प्रत्यक्ष करातून वळते होते. हजाराचे क्रेडिट म्हणजे करातले हजारच्या हजार कमी. वाण्याने मालाच्या भावात सूट देणे आणि बिलाच्या खाली लिहिलेल्या आकड्यातून रोकडा रुपये वळते करणे, एवढा हा फरक.

पण ज्याला करच भरायचा नाही, त्याला हे क्रेडिट काय कामाचे? नवा धंदा पहिली काही वर्षे तोट्यातच असतो. त्याच्या करातून काय वळते करणार, कपाळ! ही अडचण राज्यांच्याही ध्यानात आली आणि त्यांनी तीन वाटा काढल्या. पहिली वाट म्हणजे क्रेडिट पुढल्या वर्षांत ओढू द्यायचे. नफा होईल तेव्हा वापर. दुसरी, कर नसला तरी राज्याने ती रक्कम रोख परत करायची. आणि तिसरी सर्वांत नवलाची, ते क्रेडिट दुसऱ्या कोणाला तरी विकू द्यायचे. जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्यांना मिसूरी राज्य १९९८ पासून असे विकता येणारे क्रेडिट देते. गावातल्या मुख्य रस्त्यावरची पडकी दुकाने त्यातून पुन्हा उभी राहतात.

तोट्याचा बाजार

न्यू जर्सीने तर त्याच्याही पुढे मजल मारली. १९९९ पासून तिथे एक योजना चालू आहे. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या लहान कंपनीला आपला साठलेला तोटा आणि संशोधनाबद्दल मिळालेले क्रेडिट नफ्यातल्या मोठ्या कंपनीला विकता येते. तोटा का विकत घ्यायचा? कारण तो घेणाऱ्याच्या नफ्यातून वजा होतो आणि राज्याचा कंपनीकर तेवढा कमी भरावा लागतो.

पुतणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी हिशेब मांडला. तोटा सोळा लाख. राज्याचा कंपनीकर शेकडा ९. म्हणजे हा तोटा ज्याच्या हाती जाईल त्याचा १,४४,००० डॉलर कर वाचेल. कायदा म्हणतो, या रकमेच्या शेकडा ८० पेक्षा कमी भावात विकायचे नाही. दलालाने शेकडा ९० चा भाव येईल असे सांगितले होते. म्हणजे १,२९,६०० डॉलर. घेणाऱ्याचे चौदा हजार चारशे वाचले, विकणारीला भांडवल मिळाले. केंद्र सरकारच्या कराकरिता तोच तोटा तिच्या वहीत राहिला तो राहिलाच.

"मग बुडालं कोण?" सौ.ने विचारले. ती लसूण सोलत होती. प्रश्न बिनतोड होता.

"राज्य," मी म्हणालो. "त्याचे एक लाख चव्वेचाळीस हजार येणार नाहीत."

"म्हणजे आपण सगळे," पुतणी म्हणाली. "मीही तिथं कर भरतेच की."

अर्थात राज्य काही दानशूर कर्ण नव्हे. त्याने अटी घातल्या आहेत. कंपनीचे स्वतःचे संरक्षित संशोधन हवे. मागच्या दोन वर्षांत धंद्यात नफा झालेला नको. अमेरिकेत मिळून २२५ पेक्षा कमी नोकर हवेत. आणि राज्यात पूर्ण वेळ काम करणारी माणसे किती हवीत, तेही ठरलेले. कंपनी तीन वर्षांच्या आतली असेल तर एक, तीन ते पाच वर्षांची असेल तर पाच, आणि त्याहून जुनी असेल तर दहा. मिळालेला पैसा धंद्यातच घालायचा आणि पुढे पाच वर्षे बस्तान राज्यातच ठेवायचे. सगळ्या कंपन्यांना मिळून वर्षाची मर्यादा ७ कोटी ५० लाख डॉलर. अर्ज ३० जूनच्या आत.

आणि मंजुरी? ती साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात.

इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. "बाई गं, मे चालू आहे. पैसे डिसेंबरात. तुझ्या खात्यात पगाराचे पैसे किती महिन्यांचे आहेत?"

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "चार."

वाचकहो, करसवलतीतून भांडवल उभे करण्याची सारी मेख या एका शब्दात आहे. सवलत ही नेहमी मागाहून येते. खर्च आधी करायचा, तोटा आधी सोसायचा, कागद आधी रंगवायचे, आणि मग राज्य आपला वाटा पदरात घालणार. ज्याच्याजवळ दम धरण्यापुरते पैसे आहेत त्यालाच ही लक्ष्मी भेटते. लग्नाच्या खर्चाला मदत करतो म्हणणाऱ्या मामाने बारशाला येऊन पाकीट द्यावे, तसला हा प्रकार.

देवदूत आले घरा

मधले चार-पाच महिने कसे काढायचे? यावरही राज्याचा तोडगा होता. नव्या कंपनीत स्वतःचा पैसा घालणाऱ्या माणसाला तिकडे 'एंजल', म्हणजे देवदूत, म्हणतात. अशा देवदूताला त्याच्या आयकरात क्रेडिट द्यायचे. ही कल्पना प्रथम मेन या राज्याने १९८८ मध्ये अमलात आणली आणि पुढल्या तीस वर्षांत एकतीस राज्यांनी ती उचलली. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा यांनी गुंतवलेल्या पैशाच्या शेकडा २५ एवढे क्रेडिट दिले. न्यू जर्सीचा कायदा २०१३ चा. सुरुवातीला दर शेकडा १० होता, पुढे तो २० वर नेला. कर कमी पडला तर उरलेले रोख परत.

पुतणीच्या शेजारी एक निवृत्त इंजिनियर गृहस्थ राहतात. मूळचे सांगलीचे. तिला त्यांनी मुलीसारखे मानलेले. एका रविवारी आमटी-भाताचे जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. पंचवीस हजार डॉलर पुतणीच्या कंपनीत घालायचा त्यांचा विचार पक्का झाला होता.

"काकासाहेब, हिशेब सोपा आहे," ते मला म्हणाले. "पंचवीस हजार दिले की पाच हजार सरकार परत करणार. म्हणजे पहिल्याच वर्षी वीस टक्के व्याज! आजकाल कुठली बँक देते?"

त्यांच्या पत्नी कौतुकाने पाहत होत्या. पुतणीने माझ्याकडे पाहिले आणि पटकन मान खाली घातली. ते पंचवीस हजार म्हणजे तिच्या एका माणसाचा काही महिन्यांचा पगार होता. मी जर तोंड उघडले, तर कदाचित तिची चूल विझणार होती. मी जर गप्प बसलो, तर एक भला माणूस चुकीचा हिशेब मनात धरून म्हातारपणीची पुंजी देणार होता. त्या क्षणी मला १९८६ सालचे आमचे घर आठवले. बंधूंनी तेव्हा नातेवाइकांकडून पैसे घेतले होते. मी वह्या लिहीत होतो. मला खरी स्थिती ठाऊक होती, आणि कोणी विचारले नाही म्हणून मी बोललो नाही. ते पैसे फिटले, पण दोन घरांचे येणे-जाणे तुटले ते तुटलेच.

"रावसाहेब," मी म्हणालो, "ते व्याज नव्हे. व्याज म्हणजे मुद्दल शाबूत राहून वर मिळतं ते. इथं तुमच्या मुद्दलाचाच पाचवा हिस्सा तुमच्या हाती परत येतोय, आणि तो देणारी कंपनी नाही, सरकार आहे. उरलेले वीस हजार हिच्या उपकरणावर अवलंबून. ते चाललं तर तुमचं नशीब. बुडालं तर पाच हजार परत आले म्हणून वीस हजारांचं दुःख हलकं होत नाही. सरकार तुमची पडण्याची उंची जरा कमी करतं, एवढंच. खाली गादी घालत नाही."

खोलीत शांतता पसरली. मग पुतणी उठली, आपला संगणक घेऊन आली आणि त्यांच्यापुढे सारे खाते उघडून बसली. चार महिन्यांचे पैसे, सोळा लाखांचा तोटा, दोन शाळांची मागणी, तिसऱ्या शाळेचा नकार. सगळे. तिच्या वडिलांना जे जमले नाही आणि मला जे जमले नाही, ते तिने अर्ध्या तासात केले.

इंजिनियरसाहेब दोन दिवसांनी आले. त्यांनी दहा हजार दिले. म्हणाले, "बुडाले तर हळहळ वाटेल, पण झोप जाणार नाही, एवढेच देतोय. आणि ते सरकारच्या पाच टिकल्यांसाठी नाही, हिनं वही दाखवली म्हणून." मला वाटते, धंद्यात पैसा घालण्याचे याहून शहाणे कारण नसावे.

हवाईचा धडा

माझे हे म्हणणे एका म्हाताऱ्या कारकुनाची भीती म्हणून कोणी सोडून देईल, म्हणून दोन दाखले देतो.

हवाई या बेटांच्या राज्याने २००१ साली एक कायदा केला. तंत्रज्ञानाच्या कंपनीत पैसा घालणाऱ्याला पाच वर्षांत मिळून शेकडा १०० क्रेडिट! पहिल्या वर्षी ३५, मग २५, मग २०, आणि शेवटची दोन वर्षे दहा-दहा. म्हणजे घातलेला पैसा राज्याच्या करातून पुरताच वळता. मग कंपनी चालली काय आणि न चालली काय, कर भरणाऱ्याचे नुकसान काहीच नाही. तंत्रज्ञानाच्या व्याख्येत चित्रपटही बसले. राज्याच्या तिजोरीला हा भार सोसेना आणि २०१० च्या अखेरीस ती सवलत संपली. ज्या पैशाला बुडण्याची भीती नसते, तो पैसा डोळे उघडे ठेवून धंदा पाहत नाही.

दुसरा दाखला पंडितांचा. अमेरिकेतील पाच अर्थशास्त्रज्ञांनी त्या एकतीस राज्यांतल्या देवदूत-सवलतींचा तीस वर्षांचा अभ्यास करून २०२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की सवलतीमुळे अशी गुंतवणूक सुमारे शेकडा १८ ने वाढली. पण नव्या धंद्यांची आणि रोजगाराची म्हणावी तशी वाढ काही दिसली नाही. वाढीव पैसा बहुधा फारशा न वाढणाऱ्या कंपन्यांत गेला, आणि क्रेडिट घेणाऱ्यांत कंपनीच्या आतलीच माणसे व पहिल्यांदाच पैसा घालणारी माणसे बरीच होती. जाणता गुंतवणूकदार दहापट वाढणारा धंदा शोधत असतो. त्याला वीस टक्के सवलतीने फरक पडत नाही. फरक पडतो तो आमच्या इंजिनियरसाहेबांसारख्यांना!

आणि आपल्याकडची गंमत पाहा. अमेरिकेतली राज्ये देवदूताला सवलत देत होती, तेव्हा आपल्या देशात २०१२ पासून उलटा न्याय चालू होता. नव्या खाजगी कंपनीने वाजवी किमतीहून जास्त भावाने भाग विकले, तर वरचा पैसा कंपनीचे उत्पन्न धरून त्यावर आयकर! लोक त्याला 'एंजल टॅक्स' म्हणत. आम्ही एडिसनला असतानाच, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. महाराष्ट्र सरकार १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवते, पण आयकर राज्याच्या हाती नसल्याने तिथे पूर्वी विक्रीकराच्या आणि आता राज्याच्या जीएसटीच्या रूपाने सवलती येतात. वाट निराळी, तत्त्व एकच. राज्याने आपला कर सोडायचा आणि त्या बदल्यात धंदा आपल्या हद्दीत ठेवायचा.

फरसाणवाल्या बाईंचा प्रश्न

एडिसनचा ओक ट्री रोड म्हणजे आपल्या लोकांचा बाजार. साड्या, सोने, मिठाई, कढीपत्ता, सारे काही मिळते. तिथे एका बाईंचे फरसाणाचे दुकान आहे. चकल्या उत्तम करतात. आठ माणसे कामाला. सौ.ची त्यांच्याशी भाजणीवरून ओळख झाली आणि मी त्यांच्याशी, सवयीप्रमाणे, हिशेबावरून बोललो.

त्यांच्या दुकानाला यातली एकही सवलत मिळत नाही. पेटंट नाही, वैज्ञानिक प्रक्रिया नाही. देवदूत त्यांच्या दारी येत नाही, आलाच तर पाव किलो शेव घेऊन जातो. दुकान लहान असल्याने त्याचा नफा थेट त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर त्या दरवर्षी राज्याचा आयकर भरतात. पुतणीकडे सहा माणसे, यांच्याकडे आठ. पण तिचा तोटा विकला जातो आणि यांचा नफा कापला जातो.

मी हे त्यांना जरा भीतभीतच सांगितले. त्या रागावल्या नाहीत. चकलीचा पुडा बांधता बांधता म्हणाल्या, "तिच्या यंत्रानं पोरांच्या शाळेतलं पाणी तपासलं जाईल ना? मग मिळू दे तिला. पण मागच्या वर्षी माझी भट्टी बिघडली तेव्हा मी कर्ज काढलं, ते कुणी विचारायला आलं नाही, एवढं लिहा."

ते मी इथे लिहिले आहे. याचे उत्तर माझ्याजवळ नाही. शिशाचे नळ शोधणे हे सर्वांच्या हिताचे काम आहे, आणि बाजार त्यासाठी आपण होऊन पैसा काढणार नाही, म्हणून राज्याने हात द्यावा, हे मला पटते. पण अशा प्रत्येक क्रेडिटची दुसरी बाजू कोणाच्या तरी वहीत नावे पडलेली असते. जमा-नावे दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळा जमत नाही, मग तो छापखान्याचा असो की राज्याचा. सरकारने एखाद्याला रोख अनुदान दिले तर वर्तमानपत्रात ओरड होते. तेवढीच रक्कम कर न घेऊन दिली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ती अधिक डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे, एवढे मात्र मी ठासून म्हणेन.

सहावा माणूस

अर्ज २८ जूनला गेला. पुतणीने त्याच महिन्यापासून स्वतःचा पगार घेणे बंद केले. जावईबापूंच्या पगारावर घर चालले. इंजिनियरसाहेबांचे दहा हजार आणि तिच्या दोन मैत्रिणींचे थोडे, असे करून ऑक्टोबर गाठला. तरीही भागेना. एका माणसाला रजा द्यावी लागली. ती रात्री उशिरापर्यंत माजघरात एकटी बसून होती. मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, "काका, आता पाच उरलो. आणखी एक गेला तर कायद्यानं तोटाही विकता येणार नाही."

मनात आले, सहाव्याला कोणी वाचवू शकले नाही, पण पाचव्याला त्या अटीने वाचवले. राज्याला जे हवे होते ते घडले. फक्त त्याची किंमत एका मुलाने घरी जाऊन मोजली.

आम्ही नोव्हेंबरात परत आलो. डिसेंबरात मंजुरी आली, जानेवारी २०२५ मध्ये विक्री पुरी झाली. भाव शेकडा ९० चाच मिळाला. ज्याला रजा दिली होती त्याला तिने पहिला फोन केला. त्याने दुसरीकडे नोकरी धरली होती. तिने दुसरा माणूस घेतला, आणि उन्हाळ्यात आणखी पाच शाळांची मागणी आली.

लक्ष्मीपूजनाला वह्या मांडायची आमच्या घरची रीत बंधूंनी घातलेली. छापखाना गेला तरी मी ती सोडली नाही. यंदाही कपाट आवरताना त्यांची १९८६ ची खतावणी हाती आली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात तो आकडा आहे. सहज म्हणून मी पुतणीला फोन लावला आणि विचारले, "यंदाचं काय?"

"तोटाच आहे काका. पण गेल्या वर्षीच्या निम्मा."

"विकणार?"

"जूनमध्येच अर्ज केलाय. पुढच्या वर्षी कंपनीला पाच वर्षं होतील, मग दहा माणसं लागतील." ती थोडी थांबली. "तुम्ही पूजेला बसाल तेव्हा एवढंच मागा, की पुढच्या वर्षी विकायला माझ्याजवळ काही नसावं."

मी बरे म्हणालो, आणि ती जुनी खतावणी नव्या वहीच्या खाली, पाटावरच ठेवली.